घशातले खडे आणि आरशासमोरची झटापट

प्रश्न : माझं वय ३१. शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर बोलणं हेच काम. गेल्या वर्षभरात चार-पाच वेळा खोकताना घशातून पांढरट-पिवळा, तांदळाच्या दाण्याहून लहान असा खडा बाहेर पडला. पहिल्यांदा वाटलं दाताचा टवका उडाला. बोटांत चुरडून पाहिला आणि त्या वासाने उलटी व्हायची तेवढी बाकी राहिली. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं, तर उजव्या टॉन्सिलवर दोन पांढरे ठिपके. व्हिडिओ पाहून केसांच्या आकड्याने काढायला गेले. एक निघाला, पण रक्तही आलं आणि दोन दिवस गिळताना दुखत होतं. आता दिवसातून तीन-चारदा आरशासमोर जाते. कुणाशी बोलताना हात आपोआप तोंडावर जातो. बहीण म्हणते, टॉन्सिलच काढून टाक. हा कॅन्सर तर नसेल ना? अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ का? घरच्या घरी काय करता येईल?
ता. क. झोपेत खडा गिळला गेला तर?

उत्तर : ताई, खोकताना बाहेर पडणारा, बोटांत चुरडला जाणारा आणि घाण वास येणारा दाणा म्हणजे टॉन्सिल स्टोन, टॉन्सिलमधला खडा. हा कॅन्सर नाही आणि यातून पुढे कॅन्सर होतो असंही नाही. तुमच्यापासून घरात कुणाला लागण होणार नाही. मूतखड्याशी याचं नाव सोडलं तर काही नातं नाही, त्यामुळे पाणी जड आहे का, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का, या वाटेला जाऊ नका. हे खडे खूप जणांना असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही नसतो. दातांच्या डॉक्टरांनी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, नाहीतर मानेचा सीटी स्कॅन वेगळ्याच कारणासाठी झाला आणि त्यात टॉन्सिलच्या जागी पांढरे ठिपके दिसले, असं नेहमी होतं. त्या माणसाला ना वास, ना टोचणी. अशा वेळी आम्ही काहीच करत नाही.

तुमच्या पत्रात मला खडे खटकले नाहीत, आकडा खटकला.

यावर उपदेश करायचा अधिकार मला जरा कमीच आहे, कारण हाच उद्योग मी केलेला आहे. डॉक्टरकीला होतो, परीक्षा जवळ आलेली, रात्रीची जागरणं, आणि घशात डावीकडे काहीतरी अडकल्याची टोचणी. टॉर्च लावून पाहिलं तर एक पिवळा ठिपका वाकुल्या दाखवत होता. हाताशी पेनाचं टोपण होतं. त्याची धातूची क्लिप सरळ केली आणि आरशासमोर आ वासून उभा राहिलो. दोनदा उमळून आलं, तिसऱ्यांदा क्लिप घसरली आणि तोंडात खारट-गंजकी चव पसरली. थुंकलो तर लाल. वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रक्ताला घाबरू नये म्हणतात, पण ते रक्त दुसऱ्याचं असतं तेव्हा. सकाळी धावत विभागातल्या सरांकडे गेलो. त्यांनी जीभ दाबून पाहिलं आणि विचारलं, “तू वैद्यकीला आलायस की खाणकामाला?” मग कोमट मिठाचं पाणी दिलं आणि बेसिनपाशी उभं करून एक मिनिट घड्याळ लावून गुळण्या करायला लावल्या. चौथ्या गुळणीला तो खडा बेसिनमध्ये पडला. रात्रभर मी ज्याच्यामागे लागलो होतो तो जेमतेम तीन मिलिमीटरचा होता.

आकडा का नको, हे कळायला टॉन्सिल कसा असतो ते बघावं लागेल. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना मांसाचे दोन-दोन पडदे कमानीसारखे उतरतात आणि त्या पडद्यांच्या बेचक्यात टॉन्सिल बसलेला असतो. तो गुळगुळीत गोळा नसतो. त्याच्यावर साधारण १० ते २० भोकं असतात आणि प्रत्येक भोक आत जाऊन फाटे फुटलेल्या कपारीसारखं पसरतं. ही काही निसर्गाची चूक नव्हे. नाका-तोंडातून शिरणाऱ्या जंतूंची ओळख शरीराच्या संरक्षक पेशींना करून द्यायची, तर जंतू आणि पेशी यांची गाठ पडायला जागा जास्त हवी, म्हणून या कपारी. पण जिथे कपार आहे तिथे केर साठणारच. आतल्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, मेलेल्या पांढऱ्या पेशी, नाकामागून उतरलेला चिकट शेंबूड, अन्नाचे बारीक कण आणि या सगळ्यावर गुजराण करणारे जंतू. त्यांचा एक चिकट थर जमतो. लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात मुरतात आणि तो घट्ट होत जातो. दातांवर कीटण धरतं ना, जवळपास तसंच. फक्त दात आपण घासतो आणि कपारीत ब्रश जात नाही.

म्हणूनच बाहेर पडलेला खडा नीट पाहिलात तर तो गोल नसतो. एका बाजूला निमुळता, मध्येच चेपलेला, जणू त्या कपारीचा साचाच. बहुतेक खडे ओल्या खडूच्या तुकड्यासारखे असतात, नखाने दाबला की भुगा. जुना असेल तर कडक होतो.

या मऊ, भोकाभोकांच्या मांसाला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. त्याच्या मागे-बाहेरच्या बाजूला साधारण २ ते २.५ सेंटीमीटरवर मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे. आकड्याचं टोक तिथवर पोचेल असं मी म्हणत नाही, उगाच भीती घालायची नाही मला. पण अंधाऱ्या जागी, उलट्या प्रतिमेकडे बघत, उबळ दाबत धातूची वस्तू फिरवणं म्हणजे कपारीचं तोंड सोलणं. सोललेली जागा सुजते, तिथे जंतूंना आयतंच दार मिळतं. वरचेवर जखम होऊन भरत राहिली तर तिथे वण धरतो. म्हणजे खडे काढण्याच्या नादात खड्यांची खोलीच जरा सोयीची करून द्यायची. आकडा, टाचणी, दातकोरणी, चिमटा, टूथब्रशची मागची बाजू, लांब वाढवलेलं नख, यातलं काहीही नको.

आता वासाचं. खड्याच्या पोटात प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायू नसतानाच वाढणारे जंतू तिथे सुखाने राहतात. ते प्रथिनं कुजवतात तेव्हा गंधकयुक्त वायू सुटतात. त्यातला एक तोच, ज्याच्यामुळे नासकं अंडं नासकं म्हणून ओळखू येतं. बोटांत चुरडल्यावर तुम्हाला जो भपकारा आला तो आत कोंडलेला होता, तुम्ही फोडलात म्हणून एकदम सुटला. तुम्ही बोलता तेव्हा समोरच्यापर्यंत तेवढा वास जात असेल असं धरून चालू नका.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण खडा दिसला की तोंडाच्या वासाचं सगळं खापर त्याच्यावर फुटतं. खरं तर तोंडाला वास येण्याची नेहमीची कारणं म्हणजे जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि हिरड्यांचा आजार. खड्यांचा नंबर त्यांच्यानंतर. मी किती तरी माणसं अशी पाहिली की टॉन्सिलकडे रोज टॉर्च मारतात आणि हिरड्यांतून ब्रश करताना येणारं रक्त वर्षानुवर्षं थुंकून टाकतात. शहानिशा करायची असेल तर एक चमचा घ्या, जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलक्या हाताने फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने वास घ्या. तिथेच दर्प असेल तर आधी जीभ. त्याहून खात्रीचं म्हणजे घरातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला विचारणं. तुम्हाला बहीण आहे आणि ती टॉन्सिल काढून टाक म्हणण्याइतकी स्पष्ट आहे, तिलाच विचारा. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही. सवयीमुळे तो येईनासा होतो, नाहीतर भीतीमुळे नसलेलाही येत राहतो. हातावर फुंकर मारून काही समजत नाही.

घरी करायचं ते आता सांगतो. सगळ्यात उपयोगाची गोष्ट गुळण्या, आणि नेमक्या त्याच बहुतेक जण चुकीच्या करतात. तोंडात पाणी घेतलं, गालात खुळखुळवलं, थुंकलं, ही चूळ झाली. चूळ दातांना पुरते, टॉन्सिलपर्यंत पाणी जातच नाही. एक पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ पूर्ण विरघळू द्या. घोट लहान घ्या, मोठा घेतला की ठसका लागतो. मान मागे टाका, जीभ थोडी पुढे काढा आणि ‘आ’चा आवाज घशातून काढत पाणी खळखळू द्या. मान एकदा उजवीकडे कलती करा, एकदा डावीकडे, म्हणजे पाणी त्या त्या बाजूच्या बेचक्यात शिरतं. दहा-पंधरा सेकंद, मग थुंका. पेला संपेपर्यंत हेच. जेवणानंतर आणि रात्री झोपताना करा. मिठाने खडा विरघळत नाही बरं का. मिठाचं पाणी सुजेला आराम देतं, खरं काम करतो तो पाण्याचा खळखळाट. कपारीच्या तोंडाशी आलेला खडा त्याने सैल होतो आणि मुख्य म्हणजे नवा केर मुरण्याआधीच धुऊन निघतो. दोन आठवडे नेमाने केल्याशिवाय फायदा झाला नाही म्हणू नका. गुळणी धरता न येणाऱ्या लहान मुलाला मात्र हे करायला लावू नका.

शिक्षिका आहात म्हणून आणखी एक. दिवसभर बोलून तोंड कोरडं पडतं. लाळ ही तोंडाची स्वतःची धुण्याची सोय आहे, ती आटली की सगळंच साठतं. तासातासाला दोन-चार घोट पाणी प्या, तहान लागण्याची वाट बघू नका. झोपेत तर लाळ तशीही कमी होते. त्यात नाक चोंदलेलं असेल आणि तोंड उघडं टाकून झोपायची सवय असेल तर सकाळी घसा वाळून कोळ. तुमच्या पत्रात नाकाचा उल्लेख नाही, पण विचारून ठेवतो : सकाळी खाकरून घसा साफ करावा लागतो का? नाकामागून काही उतरतंय असं वाटतं का? ॲलर्जी किंवा सायनसचा त्रास असेल तर तो चिकट शेंबूड थेट टॉन्सिलवरून खाली उतरतो आणि खड्यांना रोजचा शिधा पोचवतो. अशा माणसाने घशाकडे कितीही लक्ष दिलं तरी नाकाचा इलाज झाल्याशिवाय खडे थांबत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांचंही तेच, कोरडेपणा तिथूनही येतो.

दात दोनदा घासा, दातांमधून फ्लॉस फिरवा, जीभ रोज मागपासून पुढे खरवडा. जीभ खरवडताना उमळतं म्हणून लोक पुढचा भाग तेवढा साफ करतात आणि सगळा माल मागे राहतो. श्वास सोडत सोडत केलं तर उबळ कमी येते. माउथवॉश वापरायचा तर अल्कोहोल नसलेला घ्या. अल्कोहोलचा माउथवॉश झणझणतो म्हणून प्रभावी वाटतो, पण तोंड आणखी कोरडं करतो. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश जंतूंवर चांगला चालतो, मात्र फार दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि सांगितलेल्या दिवसांपलीकडे नको. व्हिनेगरच्या गुळण्यांनी खडे विरघळतात असं तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. खडा विरघळेपर्यंत व्हिनेगर घशात धरून बसता येत नाही, आणि तेवढ्यात दातांच्या आवरणाची मात्र झीज होते. त्या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही एखादा खडा तोंडाशी येऊन डोकावत बसतो आणि टोचत राहतो, तेव्हा हात लावल्याशिवाय चैन पडणार नाही हे मला ठाऊक आहे. नुसतं नको म्हटलं तर तुम्ही पुन्हा आकडाच घ्याल. तर निदान असं करा. पोट रिकामं असताना, म्हणजे जेवणाआधी. हात स्वच्छ धुवा. आरशासमोर उभं राहा आणि दिव्याचा झोत आरशावर न पाडता थेट घशात पाडा. कान साफ करायची कापसाची काडी मिळते ती घ्या, कापूस ओढून पाहा, सैल असेल तर ती टाकून द्या. घशात कापसाचा बोळा सुटणं परवडणारं नाही. काडी पाण्यात भिजवा, कोरडा कापूस चिकटतो. आता खड्यावर दाबू नका. इथेच सगळे चुकतात. खड्यावर दाबलं की तो आणखी आत जातो. टॉन्सिलच्या पुढचा जो पडदा सांगितला, त्याच्यावर किंवा खड्याच्या किंचित खाली हलकेच दाबा, शेंग दाबून दाणा बाहेर काढतो तसं. सुटणारा असेल तर पहिल्या-दुसऱ्या दाबालाच सुटतो. तीन वेळा करून निघाला नाही तर काडी ठेवा, गुळण्या करा आणि त्याला चार दिवस द्या. लाळेत रक्ताची पुसटशी रेघ आली तर घाबरू नका, पण त्या दिवशी पुन्हा हात नाही. घसा सुजलेला असताना, ताप असताना, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असताना किंवा लहान मुलाच्या घशात हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

काही जण पाण्याचा झोत सोडणारं वॉटर फ्लॉसर वापरतात. ते दातांसाठी केलेलं यंत्र आहे आणि त्याचा जोर दातांच्या हिशेबाने असतो. सगळ्यात कमी जोरावर, कोमट पाण्याने, बेसिनवर वाकून आणि झोत तिरका धरून काहींना जमतं. मी ते सर्रास सुचवत नाही, कारण घरात यंत्र आलं की जोर वाढवून बघण्याचा मोह कुणाला आवरत नाही. दातांचे डॉक्टर वापरतात तशी, सुई नसलेली वाकड्या टोकाची सिरिंज त्यापेक्षा बरी. तिचा जोर आपल्या अंगठ्यात असतो.

अँटिबायोटिकचं उत्तर थोडक्यात : नको. गोळी रक्तातून फिरते आणि कपारीत घट्ट झालेल्या केराच्या पोटात तिचा शिरकाव जेमतेम. कोर्सपुरता वास कमी झाल्यासारखा वाटतो, मग जैसे थे.

बहिणीच्या सल्ल्याकडे येऊ. टॉन्सिल काढले की तिथले खडे कायमचे थांबतात, हे तिचं बरोबर आहे. मोठेपणी टॉन्सिल काढल्याने रोगप्रतिकारशक्ती म्हणावी अशी खालावत नाही, तीही भीती नको. वाल्डेयर नावाच्या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दाखवून दिलं की घशाच्या तोंडाशी अशा ऊतींचं अख्खं कडं असतं. हे दोन टॉन्सिल त्या कड्यातले दोन पहारेकरी, बाकीचे जागेवर राहतात. पण लहानपणी टॉन्सिल काढलेली मुलं जशी त्या मानाने लवकर हुंदडायला लागतात, तसं मोठ्यांचं नसतं. दहा ते चौदा दिवस घसा चांगलाच दुखतो आणि कानात कळा येतात. पहिल्या दिवशी आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, खपली सुटताना, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. क्वचित त्यासाठी पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं. वर्षाला चार-पाच खडे, तेही आपसूक पडणारे, एवढ्यासाठी मी हे सुचवणार नाही. दर आठवड्याला खडे, सतत टोचणी, वास कशानेच जात नाही, किंवा जोडीला वरचेवर टॉन्सिल सुजून ताप येतो, असं असेल तर तो विचार रास्त आहे. मधली एक वाटही आहे. लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उपकरणाने टॉन्सिलचा वरचा थर जाळून कपारी उथळ करतात. त्यात टॉन्सिल जागेवर राहतो आणि दुखणंही कमी, पण काहींना ते पुन्हा करावं लागतं.

तुम्ही एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून मात्र यावं, असं माझं मत आहे. घाई नाही. रक्त आलं होतं आणि ठिपके एकाच बाजूला आहेत, तेव्हा कुणीतरी सराईत डोळ्याने एकदा पाहिलेलं बरं. सगळे पांढरे ठिपके खडे नसतात. टॉन्सिलवर पाण्याच्या फुग्यासारखी पिवळट गाठ येते, ती टोचून निघत नाही आणि तिचा वासही नसतो. टॉन्सिल लाल, सुजलेले, वर पुवाचे ठिपके आणि अंगात ताप असेल तर तो टॉन्सिलचा संसर्ग, तिथे खडा शोधायचा नाही. डॉक्टरांकडे खडा दिसला तर ते पाच मिनिटांत काढूनही देतात.

काही लक्षणांसाठी मात्र वेळ न काढता जायचं. एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठा दिसतो आणि वाढतोय, त्यावर कडक जागा किंवा न भरणारी जखम आहे, मानेत गाठ लागते, गिळायला अडचण येते, आवाज बसलेला सुटत नाही, वजन विनाकारण उतरतंय, आणि यातलं काहीही दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकलंय, तर तपासणी हवीच. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्याने तर आणखी आधी. कानाचं जरा समजून घ्या : टॉन्सिल आणि कान यांची एक मज्जातंतू सामाईक आहे, म्हणून टॉन्सिलमधल्या साध्या खड्यानेही त्याच बाजूचा कान दुखू शकतो. पण एकाच कानात दुखणं, कान तपासून स्वच्छ, आणि तरी दुखणं जात नाही, तर घसा नीट बघून घ्यावा लागतो. आणि ताप, एका बाजूला जबर दुखणं, तोंड पुरतं उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, तोंडात काही धरून बोलावं तसा आवाज, हे सगळं एकत्र आलं तर टॉन्सिलच्या बाजूला पू साठलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, श्वास घ्यायला त्रास असेल तर त्याच मिनिटाला.

आता आरसा. दिवसातून चार वेळा टॉर्च मारून बघितल्याने खडा लवकर पडत नाही. उलट जीभ, घसा, लक्ष सगळं त्याच एका जागेवर खिळतं आणि खडा पडून गेल्यावरही टोचल्यासारखं वाटत राहतं. मला पेनाच्या क्लिपच्या प्रकरणानंतर आठवडाभर तिथे काहीतरी आहे असं वाटत होतं. काही नव्हतं, माझाच ओरखडा होता. रविवारी एकदा बघायचं, बाकीचे सहा दिवस टॉर्च दुसऱ्या कामाला. आणि तोंडावरचा हात खाली घ्या. वर्गातल्या मुलांना बाईंच्या तोंडाचा वास दोन बाकांपलीकडे जात नाही, पण बाई हात तोंडावर धरून बोलतात आणि शब्द कळत नाहीत हे शेवटच्या बाकापर्यंत जातं.

राहिला ताजा कलम. झोपेत खडा गिळला गेला तर तो पोटात जातो, तिथलं आम्ल आणि आतडी त्याचं काय करायचं ते करतात, आणि तुम्हाला सकाळी काही कळतही नाही. तुम्ही चार-पाच खडे मोजलेत ते खोकताना बाहेर आले म्हणून. गिळलेले किती, ते कुणी मोजलेले नाहीत.